ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा

"काका, गुडघा काय म्हणतोय?"

बोर्डावर आपला बिल्ला अडकवता अडकवता कल्याणीनं विचारलं. पंधरा किलोमीटर सायकल हाणून नुकतीच खिंडीत पोचली होती, तोंड लालबुंद झालं होतं, तरी चौकशी माझ्या गुडघ्याची. बापाची सवय. अंगावर ठिणग्या पडत असताना शेजारच्याला विचारायचा, जेवलास का रे?

"गुडघा म्हणतो घरी बसून आमरस खा," मी म्हणालो. "पाणी किती आहे?"

"आहे हो."

"आहे हो नको. दाखव."

तिनं पाठीवरची पिशवी उघडून दाखवली. दीड बाटली. वाघनाळ उतरून खालच्या कुंडाला वळसा घालायचा आणि पलीकडच्या पायवाटेनं परत इथंच वर यायचं, याला सव्वा तास लागतो. एप्रिलच्या उन्हात दीड बाटली म्हणजे जेमतेम. मी माझी भरलेली बाटली पुढे केली, तर घेईना. तिची जोडीदारीण मनवा घाई करत होती.

"मी काय आता लहान आहे का काका?" असं म्हणून कल्याणी हसली आणि दोघी नाळेत उतरल्या. मी वहीत वेळ लिहिली. नऊ चाळीस. मग सवयीनं शर्टाच्या आतल्या खिशाला हात लावून पाहिला. होतं ते तिथंच होतं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. मी बबन शेवाळे, अग्निशमन दलातला निवृत्त माणूस. आमच्याकडे दर एप्रिलमध्ये, अग्निशमन सप्ताहाच्या रविवारी, 'साथ दौड' नावाची शर्यत होते. आगीत, पुरात, दरडीखाली माणसं वाचवताना जे स्वतः गेले त्यांच्या घरच्यांसाठी. शहरातली मंडळी नाव नोंदवतात आणि दोघादोघांच्या जोडीनं धावतात, नदी ओलांडतात, सायकल चालवतात, शेवटी ही नाळ उतरून चढतात. नाळ म्हणजे डोंगराच्या दोन भिंतींमधली दगडधोंड्यांची उतरंड. पावसाळ्यात तिच्यातून पाणी कोसळतं, उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापते. सगळ्या शर्यतीत माणूस हरवायची, पडायची जागा हीच एक.

म्हणून पहिल्याच वर्षी मी आयोजकांना सांगितलं होतं, इथं आमच्या दलासारखा बोर्ड ठेवा. आमच्यात धुरात शिरणारा प्रत्येक जण दारातल्या बोर्डावर आपल्या नावाचा बिल्ला अडकवतो आणि बाहेर आला की काढून घेतो. बोर्डावर बिल्ला असला म्हणजे माणूस आत. बोर्ड रिकामा म्हणजे सगळे बाहेर. इतकं सोपं. इथंही तसंच ठरलं. प्रत्येकाला नंबरचा बिल्ला, उतरताना लावायचा, वर आलं की काढायचा आणि शेवटच्या रेषेवर जमा करायचा. बोर्डाच्या वर मी मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून घेतली होती: 'ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा.' एवढा आग्रह का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती.

कल्याणीचा बाप जालिंदर खोपडे माझा जोडीदार होता. अठरा वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो. त्या शर्यतीच्या अकरा वर्षं आधी एका रंगाच्या गोदामाच्या आगीत तो गेला. तेव्हा कल्याणी दहा-अकराची होती. त्या वर्षी बापासारख्यांच्या नावाच्या या शर्यतीत पहिल्यांदाच उतरली होती आणि तिची आई, अलका वहिनी, खाली शेवटच्या रेषेवर मुलीची वाट बघत बसली होती.

साडेदहापर्यंत सगळं सुरळीत चाललं. जोड्या धापा टाकत वर येत होत्या, आपापले बिल्ले काढत होत्या, शेजारी धोंडू मरगळे नावाच्या धनगर मामांनी मांडलेल्या माठांतलं पाणी, ताक ढोसत होत्या आणि पुढं पळत होत्या. माझ्या मदतीला सलील होता. पस्तिशीचा, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा, पण स्वभावानं गरीब. अकराला दहा कमी असताना बोर्डावर आठ बिल्ले उरले होते. एक्केचाळीस अ आणि एक्केचाळीस ब त्यांतच होते. कल्याणी आणि मनवा. सव्वा तास होत आला होता. मी नाळेच्या तोंडाशी जाऊन दोनदा खाली डोकावून आलो.

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली आणि तिच्यातून एक माननीय उतरले.

माननीयांना म्हणे प्रत्यक्ष डोंगरात काम करणाऱ्यांचा सत्कार करायचा होता. पन्नास पावलांवरच्या जांभळीखाली सावली होती, तिथं फोटोवाला उभा राहिला. मी म्हणालो, मला बोर्ड सोडता येत नाही. "काका, दोनच मिनिटं, मी आहे ना इथं," सलील म्हणाला. आणि मी गेलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं. निवृत्त माणसाला कोण शाल देतंय?

दोन मिनिटांची पंचवीस झाली. माननीय बोलायला लागले की घड्याळ त्यांच्या मालकीचं असतं. "आपल्या दिवंगत सहकाऱ्याची आठवण हा माणूस अकरा वर्षं छातीशी धरून आहे," ते म्हणाले. "मैत्री असावी तर अशी!" टाळ्या वाजल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. छातीशी धरून आहे म्हटल्यावर माझा हात आपोआप खिशावर गेला. मग भर एप्रिलात अंगावर लोकरीची शाल पडली, हातात नारळ आला आणि मी घामानं निथळत परत फिरलो.

बोर्ड रिकामा होता.

"आले सगळे?" मी विचारलं.

"आले! शेवटची जोडी आत्ताच गेली," सलील खुशीत म्हणाला. "मी खाली कळवलंसुद्धा. माणसं पडली तर काढायला ठेवलेली आपली दोरवाली टीमही खाली निघाली."

"एक्केचाळीस?"

"त्याही गेल्या. ती उंच मुलगी नाही का, तिला जरा गरगरत होतं. शर्यतीच्या जीपमधून पाठवलं खाली."

"मनवा. आणि कल्याणी?"

सलीलनं आठवून पाहिलं. "तीही असणार. पिवळी टोपीवाली एक मुलगी चढली ना जीपमध्ये."

पिवळी टोपी तर सगळ्यांनाच दिली होती. "सलील, नीट सांग. कल्याणीनं तुझ्यासमोर बिल्ला काढला?"

"नाही, म्हणजे… त्या उंच मुलीनंच दोन्ही काढले. मी म्हणालो तिला, असं चालत नाही, वर लिहिलंय बघा. तर म्हणाली, मैत्रीण मागोमाग येतेय, तिनंच काढून ठेवायला सांगितलंय." तो थोडा हसला. "म्हणाली, कल्याणीचे बाबा आणि शेवाळे काका असंच करायचे. मग मला वाटलं, तुमचंच नाव सांगतेय म्हटल्यावर…"

माझ्या हातातला नारळ खाली पडला आणि घरंगळत गेला. कुणी उचलला की नाही, आठवत नाही.

मी नाळेच्या तोंडाशी जाऊन बोंब ठोकली. "कल्याणी! ए कल्याणी!" डोंगरानं माझाच आवाज परत दिला. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी होती. अडचण आली तर तीन शिट्ट्या, असा नियम. मी कान देऊन ऐकलं. एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली. सव्वाअकरा वाजून गेले होते. खालून तापलेल्या दगडाची वाफ तोंडावर येत होती.

वॉकीटॉकी उचलून मी खाली रणदिवेंना हाक मारली. शर्यतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. शिस्तीचा माणूस, पण कागदावर फार विश्वास.

"रणदिवे, एक्केचाळीसमधली कल्याणी खोपडे पोचली का?"

"दोन्ही बिल्ले जमा आहेत काका. माझ्या हातात आहेत."

"बिल्ले नका सांगू. मुलगी दिसली का?"

"ती उंच मुलगी दवाखान्याच्या तंबूत आहे, सलाइन लावलंय, ग्लानीत आहे. दुसरी असेल इथंच. ड्रायव्हर म्हणतो त्यानं दोन मुली आणल्या. कपडे बदलायला गेली असेल. तंबू बघून घेतो, अर्ध्या तासात कळवतो."

"अर्धा तास नाही आपल्याकडे. ती नाळेत आहे. दोरवाली टीम परत फिरवा."

"काका, टीम निम्मा घाट उतरली. तुम्ही बोर्ड रिकामा म्हणून कळवलंत—"

"मी नाही कळवलं."

"तुमच्या बोर्डावरून कळवलं. आणि बोर्ड रिकामा म्हणजे माणसं बाहेर, हा नियम तुमचाच ना? उगाच सगळीकडे घबराट कशाला? तिची आई इथं माझ्या टेबलाशीच बसलीय." शेवटचं वाक्य त्यांनी आवाज खाली आणून म्हटलं.

असेल इथंच. हेच शब्द. माणसं बदलली, आग बदलली, पण शब्द तेच. मी माठाच्या कट्ट्यावर टेकलो. सलील माझ्याकडे बघत होता, मरगळे मामा बघत होते.

"वहिनींना ऐकू जातंय का हे?" मी विचारलं.

"जातंय," रणदिवे म्हणाले. "म्हणूनच म्हणतोय, जरा जपून."

बोलताना बटण दाबून धरावं लागतं. माझा अंगठा त्या बटणावर होता आणि दाबला जात नव्हता. अकरा वर्षं जी गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती, ती आता एका प्लास्टिकच्या डब्यात सांगायची होती, जालिंदरच्या बायकोला ऐकू जाईल अशी. नाही सांगितली तर रणदिवे तंबू शोधत बसणार होते. मी खाली नाळेकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"मग ऐकू देत. रणदिवे, त्या गोदामाच्या आगीत जालिंदरनं बिल्ला लावला होता. माझ्या डोळ्यांसमोर लावला होता. बाहेर येताना तो मी काढला. माझा आणि त्याचा, दोन्ही. म्हणून बोर्ड रिकामा दिसला आणि सगळे म्हणाले, असेल इथंच. बारा मिनिटं त्याला कुणी शोधलं नाही. चौकशीत मला विचारलं, त्यानं बिल्ला लावला होता का? मी म्हणालो, आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. त्या उंच पोरीनं आज तेच केलंय. आता पुरे झालं? टीम पाठवा."

बटण सोडलं. पलीकडून नुसती खरखर. मग रणदिवेंचा आवाज आला, अगदी वेगळा. "टीम फिरवतो. चाळीस मिनिटं लागतील."

चाळीस मिनिटं मी तिथं बसून राहू शकलो नसतो. "सलील, इथून हलायचं नाही. देव आला सत्कार करायला तरी नाही." मी दोन कोरे बिल्ले घेतले, एकावर माझं नाव लिहिलं आणि मरगळे मामांकडे पाहिलं.

"चला की," मामा आधीच उठले होते. "मलाबी बिल्ला?"

"तुम्हालाही. आपल्या हातानं लावा."

त्यांनी लावला. माठातल्या पाण्यानं चार बाटल्या भरल्या. ती शाल अजून माझ्या खांद्यावरच होती, ती काढून फेकणार होतो, पण मामा म्हणाले, असू द्या, लागती. आम्ही उतरायला लागलो.

गुडघ्याचं मी काही सांगत नाही. प्रत्येक दगडागणिक तो बोलत होता आणि मी ऐकत नव्हतो. डोक्यात दुसरंच चाललं होतं. जालिंदरची आणि माझी एक खोड होती. आगीतून जो आधी बाहेर येईल त्यानं दोघांचे बिल्ले काढायचे. मागून येणाऱ्यानं चहा पाजायचा. दोघं नेहमी हातभर अंतरानंच बाहेर यायचो, त्यामुळे साहेबही कानाडोळा करायचे. त्या दिवशी माझ्या पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याची शिट्टी वाजली, म्हणजे हवा संपत आली. जालिंदर म्हणाला, "तू हो पुढं, मी पाइपचा नळ बंद करून आलोच." मी पाइप धरून बाहेर आलो, हात सवयीनं बोर्डाकडे गेला, दोन्ही बिल्ले काढले आणि तिथंच कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये होतो. साहेबांना वाटलं, दोघांनाही ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. मी विचारलं, जाल्या कुठाय? तेव्हा सगळे पळाले. तोवर गोदामाचं छप्पर खाली आलं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ॲम्ब्युलन्समध्ये माझी मूठ उघडली तेव्हा तीत दोन पितळी बिल्ले होते. एक मी परत केला, दुसरा खिशात घातला. पुढं चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की जवान खोपडे यांनी नियमानुसार बिल्ला न लावता प्रवेश केला. मेलेल्या माणसाच्या नावावर निष्काळजीपणा. त्या एका ओळीपायी शौर्यपदकाच्या यादीतून त्याचं नाव गळलं. मी दर दिवाळीला वहिनींकडे फराळ घेऊन जायचो, दर वेळी खिशात बिल्ला असायचा आणि दर वेळी तो तसाच घेऊन परत यायचो.

"तितं डावीकडं नका," मरगळे मामा ओरडले. "ती फसवी वाट हाय."

कुंडाच्या पुढं, परतीच्या वाटेवर, नाळेला तिथं वर चढणारे दोन फाटे फुटतात. उजवीकडचा वर पायवाटेला मिळतो. डावीकडचा रुंद आहे, सोपा दिसतो, पण पुढं एका कोरड्या धबधब्यापाशी संपतो. खुणेची लाल फीत खाली पडून एका काट्याला अडकली होती.

"गुरंबी चुकत्यात इतं," मामा म्हणाले.

"मग डावीकडंच बघू."

ती तिथंच होती. दोन पुरुष उंचीचा कातळ, त्याच्या पायथ्याशी भर उन्हात, एक पाय वेडावाकडा दुमडलेला. वर चढायला गेली असणार आणि घसरली असणार. पिवळी टोपी बाजूला पडलेली. शिट्टी ओठांत होती, पण वाजत नव्हती. तोंडाला कोरड पडली की शिट्टी वाजत नाही, हे आम्ही कुणाला शिकवलंच नव्हतं.

मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. घामाचा टिपूस नव्हता. आमच्या धंद्यातला माणूस याला फार घाबरतो. घाम येतोय तोवर माणूस लढतोय, घाम थांबला की वेळ थोडा राहिला. आम्ही दोघांनी तिला उचलून कातळाच्या कडेच्या वीतभर सावलीत ओढलं. दोन बाटल्या त्या शालीवर ओतल्या आणि तिला मानेपासून पोटापर्यंत गुंडाळलं. मामा मुंडाशानं वारा घालत होते.

"कल्याणी. ए पोरी. डोळे उघड."

तिनं डोळे किलकिले केले. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. "बाबा," ती म्हणाली, "मनवानं काढला ना माझा बिल्ला?"

"काढला," मी म्हणालो. "काढला बाळा. पण मी आलो बघ."

"चहा माझ्याकडं," ती पुटपुटली आणि परत डोळे मिटले.

मग ती अर्धी बेशुद्ध पोर आणि आम्ही दोन म्हातारे. थोडं थोडं पाणी तिच्या ओठांना लावायचं, जास्त दिलं तर ठसका लागेल. शाल वाळली की परत भिजवायची. सावली सरकली की तिला सरकवायचं. चौथी बाटली निम्मी झाली तेव्हा मी ती मांडीवर धरून बसलो, ओतायचा धीर होईना. नवस वगैरे मी करत नाही. त्या दिवशी जालिंदरला मात्र म्हणालो, हिला नेऊ नकोस, माझा हिशेब माझ्याशी कर. मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

तिच्या मानेला घाम फुटला तो मी बोटानं पुसून पाहिला. खरंच घाम होता. तेवढ्यात वर दगड गडगडले आणि दोरवाल्या पोरांच्या हाका आल्या.

स्ट्रेचर खिंडीत पोचलं तेव्हा एक वाजून गेला होता. ॲम्ब्युलन्स येऊन थांबली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "पाय मोडलाय, तो जुळेल. आणखी तासभर गेला असता तर मात्र काही सांगता आलं नसतं." कल्याणीला आत घेतलं, सलाइन लावलं. अलका वहिनी त्या ॲम्ब्युलन्समधूनच वर आल्या होत्या. मुलीच्या तोंडावरून हात फिरवून त्या ॲम्ब्युलन्सच्या पायरीवरून खाली उतरल्या आणि सरळ बोर्डापाशी आल्या.

सलील जागचा हलला नव्हता. बोर्डावर दोन बिल्ले होते. मामांनी आपला काढला आणि हळूच आपल्या माठाकडे गेले. मी माझा काढला. नंतर आतल्या खिशात हात घातला. अकरा वर्षांत बिल्ला घासून गुळगुळीत झाला होता, पण नाव वाचता येत होतं. जा. बा. खोपडे. मी तो तळहातावर ठेवून वहिनींपुढं धरला. त्यांच्या तोंडाकडे बघायची छाती होत नव्हती.

"वहिनी, मी—"

"हे घरी आले की सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "आज बबन्यानं काढला बिल्ला, आज मला चहा पडला. आज मी काढला. कल्याणीला पाठ होतं ते. बिल्ला लावल्याशिवाय हे आत जायचे नाहीत, भावजी. देवाला हात जोडायचे चुकतील, पण ते नाही."

मी वर पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"चौकशीत तुम्ही आठवत नाही म्हणालात त्या दिवसापासून." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "दर दिवाळीला तुम्ही फराळ घेऊन यायचात. मी चहा ठेवायचे आणि मनात म्हणायचे, आज बोलतील. पहिलं वर्षभर रागानं वाट पाहिली. मग नुसतीच पाहत राहिले."

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोलून काय होणार होतं? ते तुमच्या तोंडून यायला हवं होतं." ॲम्ब्युलन्सवाल्यानं हॉर्न दिला. त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. "उद्या सोमवार आहे. मुख्य ऑफिसात जाऊन लिहून द्यायचं. त्यांनी बिल्ला लावला होता, एवढं. मी येते बरोबर."

"देतो," मी म्हणालो. "घ्या हा. तुमचा आहे."

त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं. बोटानं नावावरून एकदा हात फिरवला, पण उचलला नाही.

"तुम्ही काढलात," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लावा."

आणि ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसल्या.

मी तो बोर्डावर अडकवायला गेलो. दोनदा आकडा चुकला, तिसऱ्यांदा बसला. ॲम्ब्युलन्स वळणाआड गेली, धुरळा खाली बसला. दोरवाली पोरं सामान आवरत होती. खालून रणदिवे विचारत होते, वरचं सगळं आटोपलं का. सलील बोर्ड उतरवायला पुढं आला, त्यानं तो एकच पितळी बिल्ला पाहिला आणि थांबला.

"काका, बोर्ड काढायचा ना?"

"थांब जरा," मी म्हणालो. "एक जण आत आहे अजून."